आधीचं बाळ कमी वजनाचं झालं होतं? मग पुढच्या वेळी डॉक्टरांना काय काय सांगायचं

आधीचं बाळ अडीच किलोच्या आत जन्मलं असेल आणि आता परत दिवस राहिले असतील किंवा तसा विचार चालू असेल तर आधी एक काम करा, आत्तापर्यंतच्या सगळ्या गरोदरपणांची हिस्ट्री एका कागदावर लिहून काढा. तोंडी सांगताना "पहिलं जरा बारीकच होतं" एवढंच सांगून होतं आणि त्यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही.

म्हणजे कसं, की 2500 ग्रॅमच्या खाली वजन असलं की त्याला कमी वजनाचं बाळ म्हणतात, पण वजन कमी भरायची मुख्य कारणं दोन, एकतर बाळ 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आधीच आलं किंवा दिवस भरले पण पोटात वाढच नीट झाली नाही, आणि कधी कधी दोन्ही. 34 आठवड्यांना 2.2 किलोचं बाळ झालं तर त्या दिवसांच्या मानाने ते वजन बरोबरच आहे, तेच 39 आठवड्यांना 2.2 किलो भरलं तर वाढ कमी पडली होती. दोघांचं वजन सारखं पण पुढच्या वेळी लक्ष कुठे ठेवायचं ते वेगळं. त्यामुळे वजन आणि आठवडे दोन्ही लिहा, नुसतं एक नको.

प्रत्येक गरोदरपणाला वेगळी ओळ. वर्ष, किती आठवड्यांना बाळंत झालात, वजन किती, कळा आपोआप आल्या की आधी पाणी गेलं, की बीपी वाढलं किंवा बाळाची वाढ थांबली म्हणून डॉक्टरांनीच लवकर डिलिव्हरी केली. हा शेवटचा मुद्दा बऱ्याच जणी सांगत नाहीत आणि तोच सगळ्यात कामाचा असतो. वार आधीच सुटली होती का, जुळं होतं का, बाळाला काचेत ठेवावं लागलं का, तेही लिहा. डिस्चार्ज कार्ड सापडत नसेल तर बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर जन्माचं वजन बहुतेक असतंच. आठवडे माहीत नसतील तर जुन्या सोनोग्राफीवरची ड्यू डेट घ्या, ती म्हणजे 40 आठवडे, तिथून मागे मोजत या.

आणि जी गरोदरपणं पूर्ण झाली नाहीत तीही लिहा. मिसकॅरेज, अबॉर्शन, पोटात गेलेलं बाळ, सगळं. तीन महिन्यांनंतर फारसं न दुखताच गर्भपात झाला असेल किंवा पिशवीच्या तोंडावर कधी ऑपरेशन झालं असेल तर ते सांगितलंच पाहिजे, कारण तोंड लवकर उघडायची शक्यता त्यावरून कळते. घरच्यांसमोर बोलायचं नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट म्हणा की मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय. हे मागणं हक्काचं आहे, संकोच करू नका.

दोन गरोदरपणांतलं अंतरही लिहा. डब्ल्यूएचओचं म्हणणं आहे की बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान 24 महिने जाऊ द्यावेत, मिसकॅरेजनंतर किमान 6 महिने. अजून एक, स्वतःच्या आईला विचारा की मी जन्मले तेव्हा वजन किती होतं, आणि तिला किंवा बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास होता का. आईचं स्वतःचं जन्मवजन कमी असलं तर तिच्या बाळाचंही कमी भरायची शक्यता थोडी वाढते.

हा कागद घेऊन लवकर जा, 12 आठवड्यांच्या आत. पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीत दिवस सगळ्यात अचूक कळतात, आणि पुढे बाळ खरंच लहान आहे की दिवसच चुकीचे मोजले हा घोळ होत नाही. मागे बीपी खूप वाढलं असेल तर डॉक्टर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देऊ शकतात, पण ती 12 आठवड्यांनंतर आणि शक्यतो 16 च्या आत सुरू करायची असते, पाचव्या महिन्यात पहिल्यांदा गेलात तर ती वेळ हातातून गेलेली असते. (स्वतःच्या मनाने मात्र अजिबात घेऊ नका.) मागचं बाळ कमी दिवसांचं असेल तर पिशवीच्या तोंडाची लांबी मोजायची का, प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला मदत करणारं हार्मोन) किंवा पिशवीच्या तोंडाला टाका लागेल का, हे विचारा. वाढ खुंटली होती तर ग्रोथ स्कॅन (बाळाची वाढ मोजायची सोनोग्राफी) आणि डॉपलर (बाळाचा रक्तपुरवठा बघायची सोनोग्राफी) केव्हा केव्हा करायचं ते विचारा. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर उपचार लगेच सुरू करा, आणि तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद, घरात दुसरं कोणी ओढत असेल तर तेही बंद.

मागचं बाळ लवकर झालं म्हणजे हेही होणारच असं बिलकुल नाही, शक्यता वाढते एवढंच, बहुतेक जणींचं पुढचं बाळ पूर्ण दिवसांचं होतं. "तू जास्त काम केलंस म्हणून झालं" असं कोणी म्हणत असेल तर ते मनाला लावून घेऊ नका.

मागच्या वेळी ज्या आठवड्यात त्रास सुरू झाला त्याच्या तीन-चार आठवडे आधीपासून जास्त सावध राहा. पोट सारखं ठरावीक वेळाने कडक होणं, पाणी किंवा रक्त जाणं, खूप डोकं दुखून डोळ्यांसमोर चमकणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी सरळ हॉस्पिटलला जा, सकाळपर्यंत थांबू नका.