लष्करी अळीचा जीनोम वाचायचा असेल तर

मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीचा जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएचा संपूर्ण मजकूर, सुमारे 40 कोटी बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) असून तो 31 गुणसूत्रांत विभागलेला आहे. 2018 मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात आढळलेल्या या किडीचे जीनोम परदेशात यापूर्वीच वाचले गेले असले, तरी आपल्या शिवारातील अळी एखाद्या कीटकनाशकाला का दाद देत नाही, हे शोधण्यासाठी स्थानिक कीटकच घ्यावा लागतो. माझ्या मते या कामाचे यश यंत्रापेक्षा नमुन्यावर ठरते, म्हणून सर्वाधिक काळजी तिथेच घ्यावी.

सांगली जिल्ह्यात खानापूर किंवा आटपाडीकडच्या मक्याचा पोंगा उघडून, भुशासारख्या ओल्या विष्ठेखाली बसलेली अळी उचलावी. डोक्यावरची उलट्या इंग्रजी 'वाय'सारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके पाहून ओळख पटवावी. गाव, तारीख आणि आधीच्या फवारण्या त्याच वेळी लिहून ठेवाव्यात. या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे प्रत्येक अळी वेगळ्या वाटीत ठेवून धुतलेल्या कोवळ्या पानांवर वाढवावी.

ही अळी पुढे कोषात जाते आणि त्यातून पतंग बाहेर पडतो. रानातल्या पतंगाच्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रतींत इतका फरक असतो की जुळणी करताना, म्हणजे वाचलेले तुकडे जोडून जीनोम उभा करताना, एकच भाग दोनदा येतो. म्हणून शक्य असेल तर काही पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करावा आणि मग एकच कोष निवडावा. अळी घेतली तर आतड्यातील मक्याचा आणि जिवाणूंचा डीएनए सोबत येतो. कोषात तो त्रास बराच कमी असतो. पतंगांत मादीची लिंगगुणसूत्रे झेड-डब्ल्यू आणि नराची झेड-झेड असतात, आणि डब्ल्यू त्याच त्या डीएनए-तुकड्यांच्या पुनरावृत्तींनी भरलेले, म्हणून जुळवायला अवघड असल्याने पहिल्या प्रयत्नासाठी नर बरा. भिंगाखाली कोषाच्या पोटाकडची बाजू पाहावी: जननछिद्राची खूण मादीत आठव्या खंडावर, तर नरात नवव्या खंडावर दिसते.

निवडलेला कोष लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा. गावाजवळ कृत्रिम रेतनाची सोय असलेल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्रव नायट्रोजन मिळू शकतो. लांब तुकड्यांच्या वाचनासाठी डीएनए अखंड हवा, म्हणून नळी जोरात हलवू नये, व्हॉर्टेक्स (नळी वेगाने घुसळणारे यंत्र) वापरू नये आणि पिपेटला रुंद तोंडाचीच टिप लावावी. हाय-फाय या लांब तुकडे अचूक वाचणाऱ्या पद्धतीत साधारण 15 ते 20 हजार बेसची वाचने मिळतात. 30 पट वाचन, म्हणजे प्रत्येक बेस सरासरी 30 वेळा वाचलेला, हवे असल्यास सुमारे 1200 कोटी बेसची मागणी नोंदवावी. गुणसूत्रांची मांडणी लावण्यासाठी त्याच कुटुंबातील दुसऱ्या कोषाचे हाय-सी वाचन (पेशीत डीएनएचे कोणते भाग एकमेकांजवळ असतात हे दाखवणारे) घ्यावे.

या किडीचे भातावरचा आणि मक्यावरचा असे दोन प्रकार मानले जातात. भारतातील अनेक नमुन्यांत मायटोकॉन्ड्रियाचे (पेशीतील ऊर्जाकेंद्राचे) सीओआय जनुक भातावरचा प्रकार दाखवते, तर झेड गुणसूत्रावरचे टीपीआय जनुक मक्यावरचा. त्यामुळे केवळ बारकोडवरून, म्हणजे ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआयच्या तुकड्यावरून, प्रकार ठरवू नये.

जुळणी झाल्यावर वोल्बाकियासारख्या, कीटकाच्या पेशींत राहणाऱ्या जिवाणूंचे तुकडे वेगळे काढावेत आणि बुस्को या जुळणीची पूर्णता तपासणाऱ्या संगणक-साधनाच्या पतंगवर्गीय जनुकसंचाने तपासणी करावी. एकेकटी असायला हवीत अशी जनुके मोठ्या संख्येने दुहेरी दिसली, तर दोन्ही प्रती जुळणीत राहिल्याची शक्यता अधिक असते; अशा वेळी जादा तुकडे गाळून तपासणी पुन्हा करावी, आणि त्यानंतरच जनुकांच्या नोंदणीला, म्हणजे कोणते जनुक कुठे आहे हे नोंदवण्याला, हात घालावा.