हाडांचा कोळसा पाडायला बसण्याआधी

हा कोळसा रंगीत केस हार्डनिंगसाठी: पोलादाचा भाग लोखंडी पेटीत या कोळशात पुरून तापवायचा आणि पाण्यात ओतायचा, म्हणजे कार्बन शोषून त्याचा पृष्ठभाग कडक होतो आणि वर रंग उमटतात. डबे, लाकूड, चिमटा, हातमोजे, चष्मा हे तुम्ही आणालच. सगळ्यात आधी चिकणमातीचा लिंबाएवढा गोळा मळा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून भट्टीशेजारी ठेवा. कशासाठी ते पुढे येईल, पण गोळा आधी.

हाडं उकळून, मांस-चरबी खरवडून कडक वाळवा. चरबी राहिली तर धुराजवळ उभं राहवत नाही. लाकूड कठीण, सुकं, साल काढलेलं. हाडं आणि लाकूड वेगळ्या डब्यांत भाजा, दोघांना लागणारा वेळ सारखा नसतो. जस्ताचा मुलामा असलेला डबा अजिबात वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो. आणि सगळं उघड्यावरच: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतही नाही.

झाकणाला एकच भोक, खिळ्याएवढं. ते नसेल तर झाकण उडतं. आधी पांढरी वाफ येते, मग पिवळट घाण धूर, मग भोकाशी वायू पेट घेतो आणि ज्योत तिथेच जळत राहते. ज्योत बारीक होत विझली की कोळसा तयार.

आता तो गोळा. डबा आगीतून काढल्याकाढल्या भोक बुजवा. मागच्या वेळी माझ्याकडे माती नव्हती. एवढ्याशा भोकाने काय होणार, असं वाटलं. पण डबा निवताना आतला वायू आकसतो आणि त्याच भोकातून हवा आत ओढली जाते. सकाळी झाकण काढलं तर वरचा निम्मा थर पांढराफटक, चिमटीत धरला की खडूसारखा भुगा. पांढरं हाड म्हणजे कार्बन जळून गेलेलं हाड, पोलादाला द्यायला त्याच्याकडे काही उरलेलं नसतं. दोन दिवसांचं काम गेलं. म्हणून भोक बुजवा, झाकणाची कडही लिंपा, माती सुकून भेगाळली तर पुन्हा लिंपा. दुसऱ्या दिवसापर्यंत उघडू नका. कोमट लागला तरी नाही, निखारा आत जिवंत असू शकतो.

निवलेला कोळसा वाटाण्याएवढा फोडा, पूड चाळून टाका, भरण्याआधी पुन्हा वाळवा. सुरुवातीला हाड-लाकूड निम्मं-निम्मं घ्या.

भाग सौम्य पोलादाचा, म्हणजे कमी कार्बनच्या माइल्ड स्टीलचा हवा. आरशासारखा घासा, स्पिरिटने पुसा, नंतर उघड्या हाताने शिवू नका. बोटाचा ठसा रंगात उमटतो. पहिल्यांदा भंगारातला तुकडा घ्या, कामाचा भाग नको. पेटीत भागाभोवती सगळीकडून २५ मिलिमीटर कोळसा, भाग पेटीला टेकू देऊ नका. पातळ भाग वाकतो, त्याला जाड पट्टीचा आधार बांधा. पेटीच्या झाकणालाही माती लागते, म्हणून गोळा दुप्पट मळा. पुन्हा सांगतो, आधीच मळा.

भट्टी साधारण ७५० अंश सेल्सिअस, पूर्ण पेटी तापेपर्यंत आणि वर तासभर. पाणी स्वच्छ, गार, तळातून हवेचे बुडबुडे सोडलेलं. पेटीचं तोंड पाण्याच्या अगदी जवळ नेऊनच उपडी करा; भाग वाटेत हवेला लागला तर रंग गेले. वाफ उसळते, तोंड मागे. भाग काढा, वाळवा, तेल किंवा लॅकर लावा.