मोठ्या पडद्याचा ई-रीडर निवडताना

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, १०.३ इंची घ्यावा की १३.३ इंची, याचा निकाल घरच्या प्रिंटरवर लावा. तुम्ही नेहमी वाचता त्यातली एक ए-४ पीडीएफ ७० टक्के आकारात छापा, १०.३ इंची पडद्यावर अख्खं पान साधारण तेवढंच दिसतं. १३.३ इंचीसाठी ९० टक्के. म्हणजे १० पॉइंटचं अक्षर लहान पडद्यावर ७ पॉइंटचं होतं. इंग्रजी मजकूर तेवढ्यात निभावतो, पण मराठीत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. जुन्या पुस्तकाचं स्कॅन असेल तर विचारूच नका, कारण तिथे फाँट मोठा करण्याची सोयच नसते.

त्यावर क्रॉपचा उपाय आहे. चारही बाजूंचा अडीच सेंटीमीटरचा समास कापला, तर तेच अक्षर ७० ऐवजी ८५ टक्क्यांपर्यंत जातं. सम-विषम पानांचे समास वेगळे असतात, त्यामुळे दोन्हींसाठी स्वतंत्र क्रॉप ठरवता येतो का ते पाहा. पण समास कापला की टिपा लिहायची जागाही गेली! पानाच्या कडेला लिहायची सवय असेल तर जास्त पैसे मोजून १३.३ इंचीच घ्या. फक्त कादंबऱ्या आणि कोऱ्या पानांवरची टिपणं एवढंच काम असेल, तर १०.३ इंची पुरे.

रंगीत पडद्याचा मोह आवरा. कॅलिडो ३ या रंगीत पडद्यात काळा मजकूर ३०० पीपीआयचा (इंचामागे ३०० ठिपके) असला तरी रंग १५० चेच, आणि पडदा करडा दिसतो. आकृत्या, नकाशे वाचणाऱ्यांनीच तो घ्यावा. रात्री वाचणाऱ्यांनी आतला दिवा आहे ना, हे आधी तपासावं. रीमार्केबल २ या यंत्राला तो नाही.

पेन वॅकॉम ईएमआर पद्धतीचं, म्हणजे पडद्याकडूनच वीज घेणारं असेल तर चार्ज करावं लागत नाही. खरखरीत पडद्यावर मऊ टोक झिजतं. ते तिरकं झालं की बदला, आणि सुटी टोकं कितीला मिळतात ते खरेदीआधीच विचारा.

दुकानात दोन चाचण्या कराच. ‘दऱ्याखोऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘उद्ध्वस्त’ हे शब्द असलेली ईपब (ई-पुस्तकाची फाइल) उघडा. अक्षरं फुटली तर ते यंत्र मराठी वाचनासाठी बाद. मग पीडीएफवर हाताने लिहून, ओळी अधोरेखित करून फाइल लॅपटॉपवर पाठवा. काही यंत्रं शाई वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात आणि पीडीएफ कोरीच पोचते.