अनुदानासाठी गट किंवा संस्था निवडताय? या चुका टाळा

अवजारे बँक (शेतीची अवजारं भाड्यानं देणारं केंद्र) कोणत्या बचत गटाला द्यायची, फिरता निधी (गटानं आपसात कर्ज म्हणून फिरवायची रक्कम) कोणाला, वाचनालयाची शिफारस करायची की नाही, हे ठरवणाऱ्या समित्यांवर जे बसतात त्यांच्यासाठी लिहितोय. यवतमाळ असो की वाशिम, चुका त्याच त्याच पाहून जीव विटला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसती फाईल पाहून मंजुरी देणं. फाईल आता कोणीही बनवून देतं हो, तालुक्याला पैसे मोजले की ठराव, सदस्य यादी, प्रकल्प अहवाल सगळं तयार मिळतं, फक्त गावाचं नाव बदललेलं असतं. आमच्याकडे एका गटाची अशीच चकाचक फाईल आली, ट्रॅक्टर-रोटावेटरसाठी. मार्च तोंडावर आला, निधी परत जाईल, देऊन टाकू असा बाकीच्यांचा सूर होता, मी म्हटलं आधी गावात जाऊन येऊ. गेलो तर ठरावावर सही असलेले एक काका वावरात हरभरा सोंगत होते. गटात आहात ना विचारलं, तर म्हणे, "मी कायले गटात राहतो बाप्पा? अध्यक्षानं आधारची झेरॉक्स नेली होती, पीकविमा भरतो म्हणे." मंग रजिस्टर मागवलं, तर वर्षभराच्या सह्या एकाच पेनाच्या, आणि पासबुकात वर्षाची बचत अर्जाच्या आठवड्यात एकदम भरलेली. ते पैसे गेले असते तर रोटावेटर अध्यक्षाच्या वाड्यात उभा राहिला असता आणि काकाला भाडं देऊनच आणावा लागला असता.

म्हणून माझी सवय सांगतो. रजिस्टर आणि पासबुक शेजारी ठेवून जून-जुलैचं पान उघडायचं. पेरणीत हात तंग असतो, खऱ्या गटात तेव्हा कोणाची तरी बचत थकते, दंड लागतो, बियाण्यासाठी गटाच्याच पैशातून अंतर्गत कर्ज उचललं जातं. बाराही महिने सगळ्यांचे बरोबर 100 रुपये आणि थकबाकी शून्य दिसली की मी जास्त खोलात जातो. बचत गटांची पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते, बैठक, बचत, कर्ज, परतफेड, लेखे, पण ती तपासायची रजिस्टरात, अध्यक्षाच्या तोंडून ऐकायची नाही.

दुसरी चूक नोंदणीकृत संस्थांची. नोंदणी क्रमांक आहे म्हणजे झालं असं धरतात. अरे, 1950 च्या विश्वस्त कायद्यात कलम 22 आहे, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि गावोगावच्या संस्था तो देतच नाहीत. कागदावर वारलेले अध्यक्ष, प्रत्यक्षात संस्थेत दोन तट, दोघंही म्हणतात आम्हीच कार्यकारिणी. अशात अनुदान खात्यात पडलं की एक तट बँकेत तक्रार देतो, व्यवहार थांबतात आणि भांडण मिटेपर्यंत वाचनालयात पोरांना नवीन पुस्तक दिसत नाही. परिशिष्ट एकची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्याची, ताजी नक्कल मागा, आणि त्यातली नावं बँकेत सही करणाऱ्यांशी जुळवून पाहा. चार दिवस जास्त लागतील, लागू द्या.

सगळ्यांना थोडं थोडं वाटू नका, त्या पैशात कोणाचंच काम उभं राहत नाही.

मागच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्चले याचा दाखला) नसेल तर पुढची फाईल उघडूच नका, कोणाचाही फोन येवो.

समितीतल्या कोणाचा भाऊ, साळा, सून अर्जदार असेल तर त्यानं त्या विषयापुरतं बाहेर बसावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं.

महिलांच्या गटाची चौकशी नवऱ्याकडे करू नका. सचिव ताईंनाच विचारा, खात्यात किती आहेत. काम करणाऱ्या बाईला आकडा तोंडपाठ असतो.

आणि नाकारलेल्या गटाला कारण लेखी द्या. "अपात्र" एवढाच शेरा मारून फाईल परत पाठवली की चांगल्या बाया खचतात, पुन्हा अर्जच करत नाहीत. तीन बैठकांचं इतिवृत्त नाही, ऑडिट बाकी आहे, जे असेल ते स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी त्या तेवढं पुरं करून येतील.