पुण्यात शेकोटी करायचीय? आधी जागा बघा, मग काडी ओढा

डिसेंबर लागला, पहाटेचा पारा १० च्या आसपास आला की ग्रुपवर सुरू होतं, शनिवारी शेकोटी करूया का. करा ना, मस्त करा, रताळी भाजा, हुरडा आणा. फक्त एक आहे, पेटवणं कुणालाही जमतं, घोळ होतो तो जागा निवडताना आणि विझवताना, म्हणून त्या दोन गोष्टींवर जरा जास्त लिहितोय.

१. जागा

टेकडीवर नाही म्हणजे नाही. वेताळ टेकडी, तळजाई इथली बरीच जमीन वनखात्याची आहे, ट्रेकला जातो त्या डोंगरांवरही पुष्कळ ठिकाणी तेच, आणि राखीव वनात आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. ताम्हिणी, भीमाशंकर ही तर अभयारण्यं, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदाही लागतो. दंडाचं सोडा, दिवाळीनंतर आपल्याकडचं गवत वाळायला लागतं आणि फेब्रुवारीपर्यंत इतकं कोरडं होतं की एक ठिणगी आणि थोडा वारा, बास, वणवा लागलाच. पावसाळ्यात लोकांनी खड्डे खणून, नंतर कॅननं पाणी वाहून जगवलेली रोपं त्यात जातात, आणि टिटवीसारखे पक्षी तर उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, ती कुठे पळणार?

मग करायची कुठे, तर मालकाला विचारून कुणाच्या शेतावर, फार्महाऊसवर, नाहीतर पवना-मुळशीकडच्या कॅम्पवर त्यांनी ठरवून दिलेल्या जागीच. सोसायटीत करायची असेल तर कमिटीची परवानगी आधी घ्या, पण टेरेसवर नको, वॉटरप्रूफिंगची वाट लागते, आणि पार्किंगमध्ये तर विचारही करू नका, तिथे गाड्यांमध्ये पेट्रोल असतं. जागा सापडली की चारी बाजूंनी दहा फूट पाचोळा, गवत झाडून काढा, मान वर करून फांद्या, वायरी, मांडवाचं कापड काही आहे का बघा. जमिनीवर करण्यापेक्षा जुनं लोखंडी घमेलं विटांवर ठेवून त्यात केलेली बरी. कडेला दगड लावायचे तर नदीतले ओले दगड नकोत, आतलं पाणी तापून ते फुटतात आणि कपच्या उडतात.

२. काय जाळायचं

वाळलेलं लाकूड, बास. झाड तोडायचं नाही, शहरात त्याला १९७५ चा वेगळा कायदा आहे. प्लायवूड, रंग दिलेलं फर्निचर, थर्माकोल, टायर, प्लॅस्टिक काही टाकू नका, आणि कण्हेरीच्या फांद्याही नकोत, तिचा धूर विषारी असतो. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातलीय, साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,००० रुपये दंड. थंडीत धूर वर जात नाही, खालीच साचून राहतो, शेजारच्या दम्याच्या आजोबांना विचारा रात्र कशी जाते. आणि हो, आपल्या गेटवरचे वॉचमन काका पाचोळा नि पिशव्या पेटवून बसतात ते थंडी वाजते म्हणून, त्यांच्यावर ओरडण्यापेक्षा सोसायटीने केबिनमध्ये हिटर आणि एक चांगलं ब्लँकेट द्यावं असं मला मनापासून वाटतं.

३. पेटवताना

पाण्याच्या दोन बादल्या आधी भरून ठेवा, मग काडी. पेट्रोल, रॉकेल, सॅनिटायझर ओतायचं नाही, भडका थेट तोंडावर येतो. आग गुडघ्याएवढी पुरते. नायलॉनच्या ओढण्या, लोंबणाऱ्या शाली आवरा, पोरांना एका मोठ्या माणसाच्या ताब्यात द्या. तंबू लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला. आणि निखाऱ्यांची शेगडी तंबूत किंवा बंद खोलीत कधीच नेऊ नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

४. विझवणं

झोपायच्या अर्धा तास आधी लाकूड टाकणं बंद करा. मग पाणी शिंपडा, काठीने उकरा, परत पाणी, परत उकरा. वरून राख पांढरी दिसते, पण ओंडका उलटा केला की खालची बाजू लाल असते, त्यामुळे प्रत्येक ओंडका उलटून भिजवायचा. चर्र आवाज थांबला की हाताची मागची बाजू राखेजवळ न्या, ऊब लागली तर अजून पाणी. नुसती माती लोटून जाऊ नका, आत निखारे तासन्‌तास तसेच राहतात आणि सकाळी पोरं अनवाणी त्यावरच पाय देतात.

५. काही झालंच तर

आग हाताबाहेर गेली तर १०१ किंवा ११२, डोंगरावर वणवा दिसला तर वनखात्याची हेल्पलाईन १९२६. कपडे पेटले तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. भाजलं तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, अंगठ्या-बांगड्या लगेच काढा, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका, फोड फोडू नका, आणि चेहरा किंवा हात भाजला असेल, नाहीतर लहान मूल असेल, तर रात्रीच दवाखाना गाठा.