घरासाठी जनरेटर : आधी विहिरीवरचा पंप पाहा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील कित्येक गावे त्यानंतर आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. अशा वेळी इन्व्हर्टरची १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी, जिच्यात जेमतेम १.८ युनिट वीज मावते, पहिल्याच रात्री संपते. रोजच्या दोन-तीन तासांच्या भारनियमनाला मात्र ती पुरेशी असते; तेवढ्यासाठी जनरेटर घेणे हा माझ्या मते निव्वळ अपव्यय आहे.

कोकणातल्या घरासाठी किती मोठा जनरेटर हवा, हे दिवे-पंख्यांवर नव्हे, तर विहिरीवरच्या पंपावर ठरते. चार पंखे, सहा एलईडी दिवे, फ्रिज, टीव्ही आणि मोबाइलचे चार्जर मिळून ७०० वॅटच्या आसपास भार होतो. १ एचपीचा पंप चालताना हजार-अकराशे वॅट घेतो. परंतु सुरू होण्याच्या क्षणी त्याला याच्या तिप्पट, कधी त्याहूनही जास्त वीज लागते, आणि तेवढ्या एका क्षणासाठी लहान जनरेटर गुदमरून बंद पडतो. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचेही लहान प्रमाणात हेच होते. म्हणून बाकी सारे बंद ठेवून आधी टाकी भरावी आणि पंप बंद केल्यावरच फ्रिज लावावा. ही शिस्त पाळणाऱ्या घराला ३ ते ३.५ केव्हीएचा (केव्हीए हे जनरेटरची क्षमता मोजण्याचे एकक) जनरेटर बहुधा पुरतो. शक्य असल्यास मंडपवाल्याकडून तेवढ्याच क्षमतेचा जनरेटर एक दिवस भाड्याने आणून तो आपला पंप उचलतो का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. पंप थ्री-फेज असेल, तर सिंगल-फेज जनरेटरवर तो चालणार नाही.

केव्हीएच्या आकड्याला साधारणपणे ०.८ ने गुणले की किलोवॅट मिळतात. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा अनेकदा कमाल क्षमतेचा असतो. आपण सतत देता येणारी क्षमता विचारावी.

साध्या जनरेटरचे इंजिन ५० हर्ट्झ राखण्यासाठी भार कितीही असो, मिनिटाला ३००० फेरे घेत राहते. इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर भार कमी झाला की वेग उतरवतो, त्यामुळे आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाचतात. मात्र तो महाग असतो.

एका युनिटला साधारण अर्धा लिटर पेट्रोल धरावे, भार कमी असल्यास त्याहून अधिक.

जनरेटर पडवीत किंवा खिडकीखाली कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. घरापासून किमान २० फूट दूर, पावसापासून आडोसा असलेली पण चारही बाजूंनी मोकळी जागा निवडावी. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी बाहेरची किंवा जनरेटरची अशी एकच वीज घराला जोडणारा स्विच, बसवून घेतल्याशिवाय घराच्या वायरिंगला जनरेटर जोडू नये. नाहीतर उलटी गेलेली वीज रोहित्रातून उच्च दाबाने तारांत पोहोचते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो.

बरेच दिवस वापर होणार नसेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) रिकामे करावेत, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेत ओलावा धरते. मेअखेरीस ताजे पेट्रोल घालून, इंजिन ऑइल पाहून, जनरेटर वीस मिनिटे भारासह चालवून ठेवावा.