एक दोडका वेलावरच राहू द्या: परसबागेतलं बियाणं राखण्याची रीत

घरचं बियाणं राखताना बहुतेकांची चूक सुरुवातीलाच होते. पहिले सरळ, भरदार दोडके भाजीत जातात आणि हंगाम सरत आला की शेंड्याला लागलेलं एखादं वाकडं, खुरटं फळ ‘राहू दे बियाला’ म्हणून सोडलं जातं. तोवर वेल थकलेला असतो, पानांवर भुरी आलेली असते आणि फळात बी नीट भरत नाही. चार-पाच वर्षं असंच चाललं तर आपण नकळत उशिरा फळणाऱ्या, दुबळ्या वेलांचीच निवड करत राहतो.

म्हणून बियाण्याचं फळ आधी ठरवायचं. वेलाला फळं धरू लागली की सगळ्यांत निरोगी वेल निवडा आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या चांगल्या फळाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधा. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर दोऱ्यासकट फळ विळीवर जातं. एका भरलेल्या दोडक्यातून चार-पाच घरांना पुरेल इतकं बी निघतं, त्यामुळे भाजीचं नुकसान काहीच नाही.

त्याआधी एक गोष्ट तपासा. बी विकतचं असेल तर पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’, म्हणजे दोन वाणांच्या संकरातून केलेलं, असं लिहिलंय का ते पाहा. संकरित वाणाचं बी उगवतं, पण पुढच्या पिढीत एक झाड उंच, एक बुटकं, एकाची फळं गोल तर दुसऱ्याची लांब असा प्रकार होतो. राखायला सरळ वाण, म्हणजे पुढच्या पिढीतही तसंच येणारं, किंवा गावठी बी हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला तो असंच गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठी.

नवख्यांनी घेवडा, वाल, चवळी आणि टोमॅटोपासून सुरुवात करावी. यांचं परागीकरण बहुतांशी फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे शेजारी दुसरं वाण असलं तरी भेसळ कमी होते. शेंगा वेलावरच वाळू द्या. हलवल्यावर आत दाणा खुळखुळला की सकाळी दव असतानाच तोडा. दुपारी तोडल्या तर शेंग हातात तडकते आणि बी मातीत जातं. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडून ती आखडलेली असतील तर त्या वेलाचं बी अजिबात घेऊ नका. ही विषाणूची लक्षणं असतात आणि घेवड्याचा हा विषाणू बियातून पुढच्या पिकात जातो.

टोमॅटो पूर्ण लाल, किंचित मऊ होऊ द्या. बी गरासकट काचेच्या पेल्यात काढा, दोन चमचे पाणी घाला, वर फडकं बांधून सावलीत ठेवा. बियाभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखून धरतो आणि तो आंबवल्याने सुटतो. उन्हाळ्यात एक-दीड दिवस पुरतो, थंडीत तीन दिवस लागतात. दिवसातून एकदा ढवळा. वर पांढरी साय धरली आणि बी तळाशी बसलं की झालं. त्याहून जास्त ठेवलं तर पेल्यातच मोड येतात. मग भरपूर पाणी घालून तरंगणारं पोकळ बी ओतून द्या आणि उरलेलं चिनी मातीच्या बशीत पसरा. कागदावर पसरलं तर असं चिकटतं की सोडवताना साल निघते.

भाजीला तोडतो ती वांगी, काकडी, भेंडी बियाच्या दृष्टीने कोवळी असतात. वांगं पिवळट-तपकिरी होईपर्यंत झाडावर ठेवा, काकडी पिवळी पडून साल टणक होईपर्यंत. भेंडी पूर्ण वाळून शिरांवर उकलू लागली की काढा. दोडका तपकिरी, हलका झाला आणि आत बी वाजू लागलं की तोडायचा. त्याच्या टोकाला एक छोटं झाकण असतं, ते उघडून फळ उलटं धरलं की बी आपोआप पडतं. कारल्यावर मात्र रोज लक्ष हवं. नारिंगी झालेलं कारलं एका दुपारीत फुटतं आणि लाल गराच्या लोभाने पक्षी बी घेऊन जातात. रंग बदलू लागताच तोडून घरात पिकवा, मग गर राखेने चोळून धुवा. लाल भोपळा तोडल्यावर लगेच कापू नका, महिनाभर घरात ठेवा. त्या काळात बी आणखी भरतं.

वेलवर्गात खरी अडचण भेसळीची. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, आणि मधमाशी आसपासच्या बागांतलं पराग आणते. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. काकडीजवळ कारलं लावलं म्हणून काकडी कडू होत नाही, ती दोन वेगळी पिकं आहेत आणि त्यांचा संकर होत नाही. भेसळ होते ती एकाच पिकाच्या दोन वाणांत, आणि ती या वर्षीच्या फळात नव्हे, पुढच्या वर्षीच्या वेलात दिसते. दुधी, दोडका किंवा काकडी कडू लागली तर ती खाऊ नका आणि त्या वेलाचं बीही ठेवू नका. कडू दुधीचा रस तर जिवावर बेतू शकतो.

शुद्ध बी हवं असेल तर परागीकरण हाताने करा. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नर फुलाला नुसता दांडा. काकडी, कारलं आणि लाल भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात, म्हणून उद्या उमलणाऱ्या दोन्ही प्रकारच्या कळ्या आदल्या संध्याकाळी मलमलच्या फडक्यात बांधा. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, त्यांच्या कळ्या दुपारीच बांधायच्या. फूल उमललं की त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरचं नर फूल घ्या, पाकळ्या काढा आणि पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच सगळीकडे लावा. लगेच पुन्हा फडकं बांधा, दुसऱ्या दिवशी सोडा, देठाला दोरा बांधा. तीन-चार दिवसांत फळ फुगू लागलं तर काम झालं. पिवळं पडून गळालं तर दुसऱ्या कळीवर करा, पहिल्या वेळी दोन-तीन फसतातच. मिरची, वांगी, भेंडीसाठी इतकं नको. कळ्यांची फांदी मलमलच्या पिशवीत घालून रोज जरा हलवा, आणि फळ धरलं की पिशवी काढून खूण करा.

वाळवणं हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, आणि घाई नेमकी इथेच होते. सकाळचं कोवळं ऊन दोन तास, बाकी वेळ वाऱ्याची सावली. पत्र्यावर किंवा तापलेल्या गच्चीवर दुपारच्या उन्हात बी टाकलं तर आतला कोंब मरतो. वरून बी छान दिसतं, त्यामुळे घात झाल्याचं पेरणीलाच कळतं. बारीक बियाला आठवडा, वाल-घेवड्याला दोन आठवडे धरा. वाल वाळला की नखाने दाबल्यावर खूण पडत नाही. दोडक्याचं, भोपळ्याचं बी वाकवल्यावर वाकत नाही, मोडतं. बियातला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. कोकणात दमट हवेमुळे एवढं सुकत नाही. तिथे वाटीभर तांदूळ कोरडे भाजून बंद डब्यात गार करा, कापडी पुरचुंडीत बांधा आणि बियासोबत झाकणबंद बरणीत आठवडाभर ठेवा. तांदूळ ओलावा ओढून घेतात.

साठवणीत कडधान्याच्या बियाला भुंग्याची धास्ती असते. भुंगा बरणीत बाहेरून येतो असं वाटतं, पण बऱ्याचदा त्याची अंडी शेतातच शेंगेवर घातलेली असतात. पूर्ण सुकलेलं बी हवाबंद डब्यात घालून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं तर अंडी-अळ्या मरतात. बी ओलसर असेल तर मात्र कोंबही मरेल. डबा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर थंड बियावर दव धरतं. फ्रीजर नसेल तर आजीची रीत तितकीच खरी: गोवरीची थंड, चाळलेली राख बियात इतकी मिसळा की प्रत्येक दाणा माखेल. राख ओलावा शोषते आणि किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते, त्यामुळे किडा सुकून मरतो. कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेलाच, ओल्या पाल्याने बुरशी येते.

बरणीवर वाणाचं नाव, बी काढल्याचा महिना-वर्ष आणि कुणाकडून आलं ते लिहा. कांद्याचं बी वर्षभरातच वापरावं. भेंडी, मिरची दोन वर्षं, घेवडा तीन, टोमॅटो, वांगी आणि काकडी नीट ठेवली तर चार वर्षं टिकतात. निम्मं बी दुसऱ्या दोन घरांत द्या, म्हणजे एका घरी उंदरांनी खाल्लं तरी वाण हातचं जात नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार बियाणं राखणं, पेरणं, देणं-घेणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे. ब्रँडच्या नावाने विकायला मात्र मनाई आहे.

मृग नक्षत्राच्या पंधरा दिवस आधी वीस दाणे ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, डब्यात झाकून ठेवा, फडकं रोज ओलसर आहे ना बघा. वाल-चवळी चार-पाच दिवसांत, मिरची-वांगी दहा-बारा दिवसांत मोड दाखवतात. सोळा किंवा जास्त उगवले तर नेहमीसारखं पेरा. दहा उगवले तर एका आळ्यात दुप्पट बी टाका. पाच-सहाच उगवले तर ज्यांना बी दिलं होतं त्यांच्याकडून मागून घ्या. फडक्यात मोड आलेले दाणे मात्र टाकू नका, तेही कुंडीत लावून द्या.